तीन कंपन्या, तीन आकडे: घरसामान हलवण्याचे अंदाजपत्रक कसे तयार होते आणि ते कसे वाचावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधील एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून वाकडमधील एका सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमचे बिऱ्हाड हलवायचे आहे. तीन पॅकर्स-मूव्हर्स कंपन्यांकडे फोनवर चौकशी केली, तेव्हा एकीने ९,५०० रुपये, दुसरीने १५,००० आणि तिसरीने २१,००० रुपये सांगितले. एकाच घराचे असे तीन भाव कसे, यांतला खरा कोणता, आणि सामान टेम्पोत चढल्यावर रक्कम वाढू नये यासाठी काय करावे?

लोकांच्या घरी जाऊन सामान पाहणे आणि त्याचे अंदाजपत्रक तयार करणे हे पुण्यात माझे रोजचे काम आहे. त्यामुळे हा आकडा आमच्या बाजूला कसा तयार होतो, तेथूनच सुरुवात करतो.

आपल्याला मिळालेले तीन आकडे एका कामाचे नाहीत. 'टू बीएचके, कोथरूड ते वाकड' एवढेच फोनवर ऐकल्यावर तिघांनीही आपापल्या अनुभवाप्रमाणे एक घर मनात उभे केले आणि त्या घराचा भाव सांगितला. पहिल्याने बहुधा लिफ्ट असलेली इमारत, मोजके फर्निचर आणि घरच्यांनीच भरून ठेवलेले खोके धरले असतील. तिसऱ्याने पूर्ण पॅकिंग, मोठी गाडी, जास्त माणसे आणि कदाचित कराची रक्कमही धरली असेल. यांतला कोणताही आकडा आज खरा नाही आणि खोटाही म्हणता येत नाही, कारण आपले घर अजून कोणी पाहिलेलेच नाही. तुलना करायची ती रकमांची नसून त्या रकमांमागे काय काय धरले आहे त्याची, आणि ते कागदावर आल्याशिवाय ही तुलना शक्य नाही.

सामानाचा हिशेब आम्ही मुख्यतः आकारमानावर, म्हणजे घनफुटांवर करतो. चौदा फुटी आयशर ट्रकचा हौदा १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि सामान ६ फूट उंचीपर्यंत रचले असे धरल्यास ५०४ घनफूट होतात. परंतु सोफ्याचे हात, सायकली, कुंड्या आणि पंखे यांच्यामधली जागा पूर्ण भरता येत नसल्यामुळे प्रत्यक्ष उपयोगाची जागा चारशे घनफुटांच्या आसपासच धरावी लागते. छोटा हत्ती म्हणून ओळखला जाणारा टेम्पो सुमारे ७ फूट लांबीचा आणि पाऊण टनाच्या आसपास वजन नेणारा. वन आरकेचे सामान त्यात नीट बसते, संसार मुरलेल्या दोन बेडरूमच्या घराचे बसत नाही. म्हणून स्वस्त अंदाजपत्रकात गाडीचे नाव आवर्जून वाचावे. तेथे नुसते 'टेम्पो' असे लिहिलेले असेल, तर कोणता टेम्पो, किती फुटी आणि किती फेऱ्या, हे विचारलेच पाहिजे. छोट्या गाडीच्या दोन फेऱ्या कागदावर स्वस्त दिसतात. प्रत्यक्षात दुसरी फेरी चांदणी चौकातून महामार्गाला लागेपर्यंत संध्याकाळ होते, आणि नव्या सोसायटीचे फाटक सामानासाठी तोवर बंद झालेले असते.

हे आकारमान नेमके कोठे चुकते, ते सांगण्यासारखे आहे. दिवाणखान्यात जे दिसते त्यात सहसा कोणाची चूक होत नाही. चूक होते ती माळ्यावर, बॉक्स बेडच्या पोटात, गॅलरीत आणि पुस्तकांच्या कपाटात. कोथरूडच्या एखाद्या जुन्या घराचा माळा उघडला की तांब्याचा बंब, पितळेची पातेली, लग्नात आलेले आणि खोक्यातून कधीच न निघालेले डिनर सेट, गौरींचे मुखवटे, गणपतीचे मखर, दोन-तीन आकाशकंदील आणि मुलांची पहिलीपासूनची पुस्तके असा ऐवज बाहेर पडतो. बॉक्स बेडमध्ये रजया आणि गाद्या असतात; त्या वजनाला हलक्या, पण जागा मात्र भरपूर खातात. पुस्तकांचे नेमके उलटे: जागा कमी, वजन फार. पुस्तके मोठ्या खोक्यात भरली तर तळ फाटतो, म्हणून ती लहान खोक्यांत वीस-पंचवीस किलोंपर्यंतच भरावी लागतात आणि खोक्यांची संख्या वाढते. दिवाळी अंकांचे गठ्ठे जपणारे घर असेल तर ही संख्या आणखी चढते, आणि पुण्यात अशी घरे अजून पुष्कळ आहेत. जो सर्वेक्षक सोफ्यावर बसून चहा घेतो आणि माळा उघडायला सांगत नाही, त्याचा आकडा फोनवरच्या आकड्याइतकाच कच्चा समजावा. आपणही संकोच न करता सर्व कपाटे उघडून दाखवावीत. लपलेले सामान दाखवल्याने भाव थोडा वाढेल, पण तो आदल्या आठवड्यात शांतपणे वाढेल, सामान खाली उतरलेले असताना भर रस्त्यात नाही.

घरी माणूस येणे शक्य नसेल, तर व्हिडिओ कॉलवरून सर्वेक्षण करता येते आणि ते वाईट नसते. मात्र कॅमेरा जिना, जिन्याचे वळण, इमारतीचे प्रवेशद्वार आणि गाडी जेथे उभी राहणार ती जागा, येथपर्यंत नेला पाहिजे.

आता मजुरी. शहरातल्या शहरात घर हलवताना अंतराला लोक वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतात. कोथरूड ते वाकड ऐवजी कोथरूड ते बावधन असते, तरी आपला खर्च फार कमी झाला नसता, कारण डिझेलवर होणारा खर्च अशा कामात लहान असतो. मोठा वाटा माणसांचा आणि त्यांच्या तासांचा. लिफ्ट नसलेला तिसरा मजला म्हणजे प्रत्येक खोका, प्रत्येक फळी पाठीवर खाली येणार. त्यातही जिन्याचे वळण अरुंद असेल, तर लोखंडी कपाट आणि तीन आसनी सोफा तेथे फिरत नाहीत. अशा वेळी गॅलरीतून दोर लावून सामान उतरवावे लागते. पण बहुतेक गॅलऱ्यांना आता पक्क्या जाळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या काढायच्या तर फॅब्रिकेशनवाला बोलवावा लागतो. हे सर्व सकाळी आठ वाजता लक्षात आले तर वाद होतो. म्हणून कपाटाची उंची-रुंदी आणि जिन्याच्या वळणाची रुंदी सर्वेक्षणाच्या दिवशीच टेपने मोजून घ्यावी. हे कपाट आत आले तेव्हा कसे आले होते, असे घरातल्या ज्येष्ठांना विचारले तर बरेचदा उत्तर मिळते: 'तेव्हा पॅसेज बंद केलेला नव्हता.'

गाडी दारापासून किती दूर उभी राहणार, हाही मजुरीचाच भाग आहे. पुण्यात अनेक रस्त्यांवर पी-१, पी-२ अशी सम-विषम तारखांची पार्किंग व्यवस्था आहे. आपल्या तारखेला आपल्या बाजूला पार्किंग आहे की समोरच्या, हे आधी पाहून ठेवल्यास रस्ता ओलांडून सामान नेण्याची वेळ येत नाही. पेठांमधून घर हलवणाऱ्यांना हा मुद्दा अधिकच लागू पडतो, कारण तेथे चौदा फुटी गाडी बोळाच्या तोंडाशी थांबते आणि वाड्यापर्यंतचे अंतर हमालांना चालावे लागते. मोठ्या गाड्यांना शहरातील अनेक रस्त्यांवर ठराविक वेळी मनाई असते, तेव्हा गाडी किती वाजता येणार आणि कोणत्या रस्त्याने जाणार, हे कंपनीने आधी ठरवलेले असावे. दंड झाल्यास तो कंपनीचा, असे एक वाक्य कागदावर असणे बरे.

वाकडच्या बाजूला वेगळीच अडचण आहे. अकरावा मजला ही स्वतः अडचण नाही. सर्व्हिस लिफ्ट मिळाली तर अकरावा मजला कोथरूडच्या तिसऱ्यापेक्षा सोपा. परंतु त्या भागातील बऱ्याच सोसायट्या सामान आणण्यासाठी आधी परवानगी मागतात, ठराविक वेळच देतात, काही ठिकाणी रविवारी नकार देतात, आणि लिफ्टच्या नुकसानीपोटी अनामत रक्कम किंवा वेगळे शुल्क घेतात. हे पैसे कोणी भरायचे याचा उल्लेख बहुतेक अंदाजपत्रकांत नसतो, आणि तो खर्च आपल्यावरच येतो असे धरून चालावे. व्यवस्थापकाकडून नियम लेखी मागवून ते तिन्ही कंपन्यांना पाठवावेत. कधी कधी काही माणसे माथाडींचे नाव पुढे करून सामान उतरवू देण्यासाठी फाटकाशी पैसे मागतात. अशा प्रसंगी बोलणे कंपनीच्या सुपरवायझरने करायचे, हे आधीच ठरवून घ्यावे, आणि प्रकरण धमकीवर आले तर ११२ वर फोन करावा.

पॅकिंगच्या बाबतीत 'संपूर्ण पॅकिंग' हे शब्द पुरेसे नाहीत. लाकडी फर्निचरला पन्हळी पुठ्ठा आणि त्यावर स्ट्रेच फिल्म, काचेला व टीव्हीला बबल रॅप आणि कडांना फोम, भांड्यांना प्रत्येकी कागद, असा तपशील मागावा. टीव्हीचे मूळ खोके जपून ठेवलेले असेल तर ते काढून ठेवावे. त्याइतके चांगले वेष्टण आमच्याकडे नसते. नसल्यास मोठ्या टीव्हीसाठी लाकडी चौकट हवी का, आणि तिचे पैसे रकमेत आहेत का, ते विचारावे. कपडे, पुस्तके आणि न फुटणारी भांडी आपण स्वतः भरली तर खर्च कमी होतो, मात्र स्वतः भरलेल्या खोक्यात काही फुटल्यास बहुतेक कंपन्या जबाबदारी घेत नाहीत, म्हणून काचसामान त्यांच्याकडूनच भरून घ्यावे.

एसी काढणे-बसवणे, पाण्याचा प्युरिफायर, गीझर, भिंतीवरचा टीव्ही, हायड्रॉलिक बेड आणि सरकत्या दारांचे कपाट ही कामे हमालांची नाहीत. त्यासाठी वेगळा कारागीर येतो आणि त्याचे पैसे वेगळे असतात. प्रत्येकाचा दर वेगळा लिहून घ्यावा. एसीच्या बाबतीत नव्या घरी जास्तीचा तांब्याचा पाइप किंवा गॅस लागल्यास त्याचा दर काय, हेही लिहून घ्यावे. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात बांधून ठेवण्यासाठी मूळ बोल्ट येतात. ते मशीन घेतले तेव्हाच्या पिशवीत सापडले तर हलवण्याआधी लावावेत आणि नव्या घरी मशीन सुरू करण्याआधी न विसरता काढावेत.

तारखेचा परिणाम पुण्यात इतका मोठा असतो की त्याच कामासाठी मी स्वतः दोन वेगळे आकडे देतो. अकरा महिन्यांच्या करारांमुळे महिनाअखेर आणि पहिली तारीख यांना गर्दी असते, त्यात शनिवार-रविवार आला तर माणसे मिळत नाहीत. शाळा सुरू होण्यापूर्वीचे मे-जून, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे मुहूर्त महाग असतात. पितृपक्षात मात्र काम जवळजवळ थांबते. ज्यांना त्याचे काही वाटत नाही, त्यांना त्या पंधरवड्यात चांगला भाव आणि चांगली माणसे दोन्ही मिळतात. घट आधी नेऊन ठेवायचा आणि सामान नंतर आणायचे, अशी तडजोडही अनेक घरे करतात. गणेश विसर्जनाचा दिवस आणि पालख्या शहरात असतील ते दिवस टाळावेत, कारण तेव्हा कितीही पैसे दिले तरी गाडी वेळेवर पोहोचत नाही.

आता कागद. अंदाजपत्रकात 'अंदाजे', 'प्रत्यक्षानुसार', 'लागू असल्यास' असे शब्द जेथे जेथे असतील, तेथे तेथे उद्या रक्कम वाढण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे असे समजावे. मी ग्राहकाच्या जागी असतो, तर साधारण असे वाक्य लिहून मागितले असते: 'सोबतच्या यादीतील सर्व सामानाचे पॅकिंग, चढ-उतार, वाहतूक आणि फर्निचरची जोडणी यांसह, करासहित अंतिम रक्कम अमुक रुपये, यादीबाहेरील सामान निघाल्यास प्रति खोका अमुक रुपये.' सोबतची यादी हा या वाक्याचा प्राण आहे. यादीत 'फर्निचर' असा एक शब्द न घालता 'डबल बेड, साठवणीचा, एक. लोखंडी कपाट, मोठे, दोन' असे लिहिलेले असावे, आणि खोक्यांची अपेक्षित संख्या असावी. प्रामाणिक कंपनीला ही यादी हवीच असते, कारण ऐन वेळी शेजारच्या काकूंचे कपाटही 'वाटेतच आहे, तेवढे घ्या' म्हणणारे ग्राहक आम्हालाही भेटतात.

कराबाबत गोंधळ सर्वाधिक होतो. पॅकिंगसह संपूर्ण सेवेवर सामान्यतः १८ टक्के जीएसटी लावला जातो, तर नुसत्या मालवाहतुकीच्या बिलावर ५ टक्क्यांचा दर दिसतो. १५,००० रुपयांवर १८ टक्के म्हणजे २,७०० रुपये, म्हणजेच एकूण १७,७००. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांमधील बरेचसे अंतर केवळ कर धरला आहे की नाही, यामुळेही असू शकते. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे लगेच दिसते. नामांकित कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेतलेल्या फर्म या एका तपासणीतच उघड्या पडतात. जकात किंवा प्रवेशकर असा काही आकार कोणी लावत असेल, तर तो देऊ नये. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून असे आकार उरलेले नाहीत. परगावी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे, त्यामुळे त्या नावाखाली लावलेले शुल्कही निराधार असते. परगावच्या कामात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: गाडी केवळ आपल्या सामानाची की वाटून घेतलेली? वाटून घेतलेली गाडी बरीच स्वस्त पडते, पण सामान गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढते आणि पोहोचण्याची तारीख लांबते.

विम्याबद्दल थोडे सावध राहावे. अंदाजपत्रकातील 'विमा' किंवा 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू, म्हणजे मालाच्या किमतीवर आकारलेली रक्कम) या ओळीखाली घेतलेले पैसे नेहमी विमा कंपनीकडे जातातच असे नाही. पुष्कळदा ते त्या वाहतूकदाराने स्वतःच्या जोखमीपोटी घेतलेले शुल्क असते. विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि आपल्या सामानाची जाहीर केलेली किंमत असलेले प्रमाणपत्र हाती आले, तरच तो विमा. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ आणि त्याखालील २०११ च्या नियमांनुसार जास्त जोखीम-दर ठरवून भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी मालभाड्याच्या दहापटीपर्यंत आणि तीही जाहीर किमतीच्या मर्यादेत राहते, आणि दावा करायचा असल्यास बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. कोथरूड ते वाकड या प्रवासासाठी मी विम्यापेक्षा चांगल्या पॅकिंगवर खर्च करण्याचा सल्ला देईन. सामान हलण्यापूर्वी टीव्ही चालू अवस्थेत, फ्रिजच्या कडा आणि टेबलाचा पृष्ठभाग यांचे फोटो काढून ठेवावेत, आणि दागिने, कागदपत्रे व देवघरातील मूर्ती स्वतःच्या गाडीतून न्याव्यात.

आगाऊ रक्कम दहा टक्क्यांच्या आसपास असावी आणि ती कंपनीच्या खात्यावर जावी, फोन केलेल्या मुलाच्या वैयक्तिक क्रमांकावर नको. उरलेल्या रकमेपैकी काही भाग सामान उतरल्यावर आणि बेड जोडून झाल्यावर द्यायचा, असे लेखी ठरवावे. सामान गाडीत अडकवून जास्त पैसे मागण्याचे प्रकार या व्यवसायात होतात, हे मान्य करावे लागेल. त्या वेळी यादी आणि अंतिम रक्कम असलेला कागद हातात असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना आणि पोलिसांशी बोलताना आपली बाजू भक्कम राहते.

आपल्या तीन कंपन्यांपुरते सांगायचे तर ९,५०० रुपयांच्या कंपनीला लिफ्ट नसलेला तिसरा मजला आणि सोसायटीचे नियम कळवून नव्याने आकडा मागावा. तो तरीही तेवढाच राहिला तर ती गाडी कोणती आणि माणसे किती, याचे उत्तर मिळेपर्यंत आगाऊ पैसे देऊ नयेत. २१,००० रुपयांच्या कंपनीला कर, एसीचे काम आणि पॅकिंग यांपैकी काय काय रकमेत आहे ते विचारावे. पुस्तके आणि कपडे आपण भरले आणि तारीख महिन्याच्या मधल्या आठवड्यातील मंगळवार-बुधवार घेतली, तर ती रक्कम खाली येण्यास वाव आहे. १५,००० रुपयांच्या कंपनीबद्दल आताच मत बनवता येत नाही. तिने माणूस घरी पाठवला आणि त्याने माळा उघडायला सांगितला तर बोलणी पुढे न्यावीत, आणि 'पाहायची गरज नाही, आमचा अंदाज पक्का असतो' असे उत्तर आले तर तेथेच थांबावे.